सेहेचाळीस वेढे

गल्लीतल्या चष्मेवाल्यांनी तलवार आणली ती जुन्या चादरीत गुंडाळून, काखोटीला मारून. टोक कुणाला लागू नये म्हणून त्यावर चष्म्याची एक रिकामी डबी रबरबँडने अडकवली होती. एरवी तिला हसू आलं असतं. पण सकाळपासून तिने दोन कुलपं, एक कंदील आणि शिवणयंत्राचं चाक हातावेगळं केलं होतं. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून ठणकत होता. हसायलाही अंगात थोडं बळ लागतंच.

"बाई, नाही म्हणू नका," चष्मेवाले म्हणाले. गल्लीत सगळे तिला बाईच म्हणत. छप्पन्न वर्षांची, ठेंगणी, कमरेला कायम एप्रन. जुन्या वस्तू दुरुस्त करायचं वडिलांचं दुकान ती एकटी चालवत होती.

"मी अजून तोंडही उघडलेलं नाही."

"तोंड कशाला, चेहरा बोलतोय तुमचा."

त्यांनी चादर उलगडली. तलवार त्यांच्या पणजोबांची. ते कुठल्याशा घोडदळात होते म्हणे. पात्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार मुठीची होती. लाकडी मुठीवर चामडं चढवलेलं आणि चामड्यावर चांदीच्या पिळदार तारा, एकीला एक खेटून घट्ट गुंडाळलेल्या. मधोमध तार तुटली होती. तुटलेली टोकं काट्यांसारखी उभी राहिली होती आणि खालचं चामडं वाळक्या सालीसारखं सुटत होतं.

"घर आवरतोय आम्ही," चष्मेवाले म्हणाले. "मुलीकडे राहायला जायचं. तिथे खोल्या दोन आणि भिंतींवर सगळी कपाटं. म्हणून ही पुतण्याला देऊन टाकायची. पुढच्या रविवारी सगळे जमतायत. पण मोडकी वस्तू कशी ठेवू त्याच्या हातात? धरायला गेलं की रक्त काढते."

तिने चष्मा कपाळावर चढवला, भिंग डोळ्याला लावलं. "तार नवी घालावी लागेल. ही पुन्हा बसायची नाही."

"घाला. फक्त दिसायला होती तशीच दिसली पाहिजे. तुमच्या बाबांनीच घातली होती ही. माझे वडील शेवटपर्यंत सांगायचे, असा हात पुन्हा होणे नाही."

"आठवतंय मला," ती म्हणाली.

आणि खरंच आठवत होतं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. चहाचे कप घेऊन दुकानात आली तेव्हा बाबा अंगावर शाल घेऊन उभे होते. चार दिवसांच्या तापातून नुकतेच उठले होते. समोर चष्मेवाल्यांचे वडील मूठ उजेडात फिरवून फिरवून बघत होते. "काय हात आहे हो तुमचा!" ते म्हणाले. ज्यांच्या तोंडून घरात कधी बरा शब्द निघत नसे, त्या बाबांनी मान किंचित झुकवली होती. तिचा ऊर इतका भरून आला की चहा बशीत सांडला.

"ठेवून जा," ती म्हणाली. "शनिवारी या."

दुकानाच्या मागे स्वयंपाकघर होतं आणि तिथून वर जाणारा लाकडी जिना. वर दोन खोल्या. एकीत ती आणि दुसरीत, गेल्या आठ महिन्यांपासून, तिचा थोरला भाऊ.

दादा एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेला. दुसऱ्या गावी पाणीपुरवठा खात्यात लागला, तिथेच लग्न, तिथेच संसार. दुकान, आई आणि पुढे बाबा, सगळं हिच्या गळ्यात. आई पटकन गेली, कुणाला त्रास न देता. बाबांचं तसं झालं नाही. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि ते सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. दर तीन तासांनी कूस बदलायची, चमच्याने भरवायचं, चादरी धुवायच्या, मधल्या वेळात दुकान. दादा यायचा वर्षातून दोनदा, पिशवीभर फळं घेऊन. ती म्हणायची, "तू बस, मी जरा बाजारात जाऊन येते." तासाभराने परत यावं तर हा दाराशी चपला घालून तयार. शेवटची गाडी चुकेल म्हणायचा.

मग वहिनी गेली, दादा निवृत्त झाला आणि एक दिवस दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिला. तिने वरच्या खोलीतले खोके हलवले आणि खाट मोकळी करून दिली. भांडली नाही. भांडायचं म्हणजे जुनं सगळं उकरायचं, आणि ती तर संध्याकाळी दुकानाची फळी लावतानाच अर्धी झोपलेली असे.

आता दोघांचं बोलणं चार शब्दांवर आलं होतं. "जेवलास?" "हो." "नळ बंद केलास?" "केला." केलेला नसायचा. पाणीपुरवठ्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला घरचा नळ बंद करता येऊ नये, हे तिला दर वेळी नव्याने अजब वाटायचं. रिकामा कप तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचा. ती तो उचलायची, विसळायची, पालथा घालायची आणि चकार शब्द काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी तार उलगडायला घेतली. आधी मुठीच्या दोन्ही टोकांची, तारेचीच वेणी घालून केलेली कडी सोडवली. मग एकेक वेढा चिमट्याने उचलून मोजत गेली. मोजणं गरजेचं होतं, नवीन तारेचा अंदाज त्यावरच बांधायचा. दहाव्या वेढ्याला मनगट अवघडलं. पंधराव्याला तिने चिमटा खाली ठेवला आणि हात झटकला. असं का व्हावं? वेढे तर तिने जन्मभर सोडवले होते. तिने तलवार उलट बाजूने ठेवून पाहिली आणि मग तिच्या लक्षात आलं. वेढे उलटे होते. बाबांनी घातलेल्या प्रत्येक मुठीवर, प्रत्येक चाबकावर, प्रत्येक छडीवर तार उजवीकडे चढत जायची, तिचीही तशीच चढायची. ही डावीकडे चढत होती.

तिने भिंग लावून पुन्हा खात्री केली.

घरात डावखुरं माणूस एकच होतं. लहानपणी दादाने डाव्या हातात कानस धरली की बाबा त्याच कानशीने त्याच्या बोटांवर मारायचे. "डावऱ्या हाताने धड काही होत नाही," म्हणायचे. "तू झाडलोट कर."

वेढे सेहेचाळीस भरले. चामडं सोलल्यावर लाकडावर पेन्सिलीने काढलेली बाबांची सही निघाली, त्या वर्षाच्या आकड्यासकट. म्हणजे लाकूड बाबांचं, चामडंही बाबांनीच चढवलेलं. आणि तार? तिने दिव्याखाली जुन्या तारेचा तुकडा धरला. दोन बारीक तारांचा एक पीळ उजवा, दुसरा डावा, आणि दोन्ही शेजारी शेजारी बसवल्यामुळे कणसासारखी नक्षी उमटलेली. कुठे उंचसखल नाही, कुठे फट नाही. त्रेचाळीस वर्षं टिकलेली. तुटली ती कुणीतरी खिळ्याला अडकवून ओढली म्हणून.

ती वर गेली नाही, काही विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायचं, आणि त्या दिवशी तिच्यात ते ऐकण्याइतका जीव नव्हता. तिने बकरीचं पातळ चामडं भिजत घातलं, सरस गरम केला, चामडं मुठीवर ओढून शिवण सपाट बसवली आणि वर पट्टी आवळून वाळत ठेवलं.

पुढचे दोन दिवस तारेत गेले. चांदीची तार तापवून मऊ करायची, दुहेरी करून एक टोक कामाच्या बाकाला बसवलेल्या शेगड्याच्या जबड्यात पकडायचं, दुसरं हाताच्या ड्रिलमध्ये, आणि सावकाश फिरवत पीळ घालायचा. जरा जास्त झाला की तार कटकन तुटते. दोन तुटल्या. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

खरी पंचाईत गुरुवारी झाली. वेढे घालताना तारा सारख्या ताणलेल्या राहाव्या लागतात. इतकी वर्षं समोरचा शिंपी पाच मिनिटं येऊन टोक धरायचा, पण तो मुलाकडे गेला तो परत आलाच नव्हता. तिने टोकांना वजन लटकवून पाहिलं. सातव्या वेढ्याला वजन हेलकावलं, तार ढिली पडली, सगळं उलगडलं. पुन्हा तापवली, पुन्हा सुरुवात. या वेळी नवव्या वेढ्याला अंगठ्याने दगा दिला. ती स्टुलावर बसली आणि भिंतीला डोकं टेकवून नुसती श्वास घेत राहिली. मग तिथूनच हाक मारली.

"दादा."

वर वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

"खाली ये जरा. तार धरायचीय."

तो आला. उंच, वाकलेला, बनियनवर शर्टाची बटणं लावत. बाकावरची तलवार बघून शेवटच्या पायरीवरच थबकला. तिने तारांची टोकं एका लाकडी दांडीला बांधून ती त्याच्या हातात दिली.

"मागे जा. जिन्यापर्यंत. तिथे बस आणि ताणून धर. मी फिरवेन तशी सैल सोडू नकोस, स्वतः पुढे ये."

"माहीत आहे," तो म्हणाला.

तारा बाकापासून स्वयंपाकघराच्या दारातून थेट जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेल्या. तलवार दोन लाकडी खाचांवर आडवी, पात्याला कापड गुंडाळलेलं. ती मूठ फिरवू लागली. होती तशीच हवी, म्हणजे डावीकडेच चढवायला हवी, आणि तिचा सगळा जन्म उजवीकडे चढवण्यात गेलेला. एक, दोन, तीन. चौथा वेढा तिसऱ्यावर चढला. तिने तो मागे घेतला. पाचव्याला अंगठ्यातून अशी कळ गेली की तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"दे इकडे," दादा जिन्यावरून म्हणाला.

"तू काय करणार?"

"तू ताणून धर. मी फिरवतो." मग जरा थांबून, "सेहेचाळीस वेढे आहेत ना?"

आकडा तिने कुणाला सांगितला नव्हता.

तो उठून आला, तारांचं टोक तिच्या हातात दिलं आणि बाकाशी बसला. ती जाऊन जिन्यावर बसली. दोन्ही हातांनी धरायचं, नुसतं धरायचं. दादाने डाव्या हाताचा अंगठा जिभेला लावून ओला केला, पाचवा वेढा सरळ केला आणि फिरवायला लागला.

"व्हॉल्व्हला दोरा गुंडाळायचो," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "चाळीस वर्षं. तेही असंच असतं. जरा इकडेतिकडे झालं की गळतं."

बारा, तेरा, चौदा. तार आखूड होत गेली तशी ती पायरी सोडून दारात आली, तिथल्या पाटावर टेकली. विसाव्याला त्याचं चुकलं. त्याने एक सणसणीत शिवी हासडली, तीन वेढे मागे घेतले, नखाने घासून तारा पुन्हा बसवल्या.

"हे तू केलं होतंस," ती म्हणाली.

"हूं."

"बाबा तापाने पडले होते तेव्हा."

"लाकूड, चामडं त्यांनीच केलं होतं. तार राहिली होती. गिऱ्हाईक शुक्रवारी यायचं होतं आणि यांना उठवत नव्हतं. म्हटलं, बघू." पंचवीस, सव्वीस. "आईने टोक धरलं होतं. तू शाळेत असायचीस."

"आणि बाबा?"

"उठून आले, मूठ हातात घेतली. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील." त्याने तार नखाने दाबली. "तेवढ्यात तो माणूस आला. काय हात आहे तुमचा, म्हणाला. मी मागे कपाटापाशी उभा होतो. तू चहा घेऊन आलीस."

"मी पाहिलं नाही तुला."

"कशाला बघशील? सगळे त्यांच्याकडेच बघत होते."

तो पुढचा वेढा घालायला लागला. त्या दिवसानंतर महिन्याभराने तो नोकरीचं पत्र घेऊन निघून गेला होता, तेव्हा बाबा म्हणाले होते, "कष्ट नकोत त्याला." ती ते खरं मानून चालली होती. खरं मानणं सोपं होतं, रागावायला त्याचा उपयोग व्हायचा.

सेहेचाळिसावा वेढा बसला तेव्हा ती बाकापासून हातभर अंतरावर उभी होती. दादाने टोक भोकात खोचलं, लाकडी खुंटी मारली आणि बोटं उघडून मिटून पाहिली. तर्जनीवर तारेचे लाल वळ उठले होते. तिने डबीतून मलम काढून त्याच्यापुढे सरकवलं. टोकाची कडी मात्र तिने स्वतः विणली, शुक्रवारी, थांबत थांबत. ते काम त्याला येत नव्हतं आणि त्याने ते सरळ कबूलही केलं.

शनिवारी चष्मेवाले आले. त्यांनी मूठ मुठीत धरली, सोडली, पुन्हा धरली, दाराशी जाऊन उजेडात फिरवली. त्यांच्या वडिलांनीही असंच केलं होतं, पण हे जरा जास्तच वेळ चाललं, कारण त्यांनी तीन वेगवेगळे चष्मे लावून पाहिलं.

"तीच! अगदी तीच! बाई, बाबांचा हात तुमच्यात उतरलाय बघा."

दादा मागे टेबलाशी कुलपाच्या किल्ल्या चाळत होता. त्याचे हात थांबले.

"हे काम माझं नाही," ती म्हणाली. "दादाचं आहे. आताचंही आणि तेव्हाचंही. लाकूड बाबांचं, तार याची. तुमच्या वडिलांना ते कुणी सांगितलं नाही."

चष्मेवाल्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे. मग तलवार डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे केला. दादाने कपड्याला हात पुसला आणि गडबडीत डावाच पुढे केला. दोघांचे हात एकमेकांत नीट बसेनात. "असू दे, असू दे," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी तो डावाच हात धरून जोरात हलवला.

ते गेल्यावर दादा म्हणाला, "काय गरज होती?"

"खरं होतं म्हणून सांगितलं."

"मेलेल्या माणसाचं कशाला काढायचं?"

"मेलेल्या माणसाचं मी सहा वर्षं काढलंय," ती म्हणाली. आवाज चढला नाही, चढवण्याइतकी ताकदच नव्हती. "तेवढा हक्क आहे मला. तू तासभर बसून पळायचास."

त्याने किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला.

"चिमे," तो म्हणाला. हे नाव आई गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. "तू बाजारात गेलीस की ते भिंतीकडे तोंड करायचे. धड हाताने गादी धरून, जोर लावून. मी आलो की दर वेळी. एकदा पाणी पाजायला गेलो तर ओठ घट्ट मिटून घेतले. तुझी चाहूल लागली की पुन्हा सरळ व्हायचे."

तिला हे माहीत नव्हतं. बाजारातून आल्यावर बाबांची उशी तिरकी असायची, ती सरळ करताना तिला वाटायचं, दादाला साधी उशीही लावता येत नाही.

"मला सांगायचंस."

"काय सांगणार? तू आधीच मेटाकुटीला आलेली."

ती स्टुलावर बसली. दिव्याच्या काचेवर बोटाचा ठसा होता, तो तिने एप्रनने पुसला. "त्यांनी तोंड फिरवलं तर फिरवू द्यायचं होतंस," ती म्हणाली. "तू त्यांच्यासाठी नको यायला होतंस. माझ्यासाठी यायचं होतंस. एक रात्र. एक रात्र जरी तू जागला असतास ना, दादा."

"हो," तो म्हणाला.

त्याने दुसरं काही जोडलं नाही. ना माफी, ना कारण. तिला वाटलं होतं, हे बोलून झालं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त अंगातला उरलासुरला जोर कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं आणि बसल्या जागी डोळे जड झाले.

"वर जा," दादा म्हणाला. "पड जरा. दुकान मी बघतो."

"तुला काय कळतंय दुकानातलं?"

"काही नाही. येईल त्याला बसवून ठेवीन."

भरदुपारी ती वर गेली आणि एप्रन न सोडताच खाटेवर आडवी झाली. खालून दादाचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होता, "झोपलीय ती. नाही, उठवणार नाही. ठेवून जा."

ती उठली तेव्हा उन्हं कलली होती आणि गालावर उशीच्या शिवणीचा वळ उमटला होता. खाली आली तर बाकावर एक मोठं गंजकं कुलूप ठेवलेलं.

"कुणाचं हे?"

दादाने डोकं खाजवलं. "एक बाई आल्या होत्या. हिरवी पिशवी होती त्यांच्याकडे."

"नाव? पत्ता?"

"ते विचारायचं राहिलं."

"अरे देवा," ती म्हणाली. "आता गावभर हिरवी पिशवी शोधत फिरायचं का?"

"येतील की त्या. कुलूप त्यांचंच आहे."

ती त्याच्यावर पाच मिनिटं तोंडसुख घेत राहिली आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग तिने कुलूप पुढ्यात ओढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तेलाची बुधली त्याच्याकडून मागून घेतली.